नाक वर केलेली गाडी : 'आवडतं' याचं संशोधन कसं करायचं?



पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणारे बरेच जण मला एकच गोष्ट विचारतात. "विषय आवडीचा आहे, पण प्रश्न सापडत नाही. काय करू?" आज त्याचं उत्तर एका गाडीच्या निमित्ताने देतो. उदाहरण माझ्या घरचं आहे, त्यामुळे थोडं सहन करा.

आमचं गाव आंबवडे, तालुका भोर. नागेश्वराचं देऊळ आणि झुलता पूल बघायला तुमच्यापैकी काही जण येऊन गेले असतील. आमच्या घरामागच्या गोठ्यात गुरं आता दोनच आहेत. उरलेल्या जागेत ताडपत्रीखाली आण्णांची, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची, १९७६ सालची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. गेल्या दिवाळीत माझ्या चुलत भावाने मोबाईलवर एक फोटो दाखवला. अमेरिकेतली जुनी शेव्हर्ले, पुढचं नाक हवेत, मागची चाकं रुंद, दारावर रंगीत अक्षरं. म्हणाला, "दादा, आपली अशी करूया की. पुढनं उचलायची. पाट्याचा सरळ अ‍ॅक्सल टाकायचा. भोरातून निघाली की माणसं थांबून बघतील."

आण्णा ओट्यावरून म्हणाले, "हात लावायचा नाही गाडीला."

तिथून वाद सुरू झाला आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं, कारण घरात 'संशोधन करणारा' मीच. माझा प्रबंध रबराच्या झिजेवर आहे. गाड्यांच्या आवडीनिवडीवर नाही. तरीही प्रश्न डोक्यात राहिला : जी गाडी या पोराने कधी प्रत्यक्ष पाहिली नाही, तिच्यासारखी दिसणारी गाडी त्याला इतकी का हवी आहे?

पहिली पायरी : वस्तू नेमकी काय आहे ते आधी बघा

आकर्षणाबद्दल बोलण्याआधी ज्याचं आकर्षण आहे ती वस्तू समजून घ्यायची. बरेच विद्यार्थी ही पायरी गाळून थेट सर्वेक्षणाकडे पळतात.

फोटोतल्या प्रकाराला अमेरिकेत 'गॅसर' म्हणतात. ड्रॅग रेस म्हणजे थांबलेल्या अवस्थेतून सुटून सरळ रेषेत पाव मैल, साधारण ४०२ मीटर, सगळ्यात आधी पार करणं. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातली तरुण मुलं सुक्या तलावांच्या पात्रांत आणि वापरात नसलेल्या धावपट्ट्यांवर हे करत होती. रस्त्यावरच्या शर्यती थांबाव्यात, नियम असावेत म्हणून १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. तिच्या वर्गवारीत पंपावरच्या साध्या पेट्रोलवर, म्हणजे त्यांच्या भाषेत 'गॅस'वर, धावणाऱ्या गाड्यांचा एक गट होता. त्यावरून गॅसर हे नाव पडलं. साठच्या दशकात या गाड्या जोरात होत्या. सत्तरच्या सुरुवातीला त्या मागे पडल्या.

त्यात आवडीची एक गाडी होती विलीस कंपनीची १९३३ ते १९४१ या काळातली छोटी कूपे. हलकी आणि स्वस्त. विलीस हे नाव तुम्ही वेगळ्या संदर्भात ऐकलं असेल. याच कंपनीच्या जीपची जुळणी स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्रांनी सुरू केली. म्हणजे तिकडच्या गॅसरचं आणि आपल्याकडे घाटात अजूनही दिसणाऱ्या जुन्या जीपचं मूळ घराणं एकच.

दुसरी पायरी : नाक वर का? आकडे मांडून बघू

आता पदार्थविज्ञान. गाडी झटक्यात पुढे सुटते तेव्हा तिचा भार मागच्या चाकांवर सरकतो. एसटी सुटताना उभे प्रवासी मागे झुकतात, तसंच. किती भार सरकतो?

सरकलेला भार = वस्तुमान × त्वरण × गुरुत्वमध्याची उंची ÷ व्हीलबेस

(त्वरण गुरुत्वत्वरणाच्या पटीत घेतलं की उत्तर थेट किलोत येतं.)

इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर असेल तर मागे जितका भार जास्त तितकी पकड जास्त. म्हणजे गुरुत्वमध्य वर नेला की पकड वाढते. नाक वर करण्यामागे एवढाच हिशेब होता. साठच्या आधीचे टायर आजच्या मानाने कमी पकडीचे. इंजिनं मात्र ताकदवान झालेली. चाकं जागेवर फिरायची, धूर निघायचा, गाडी हलायची नाही. मग पुढे जुन्या गाडीचा किंवा ट्रकचा सरळ अ‍ॅक्सल पाट्यांवर बसवायचा आणि गाडी उचलायची.

आता आमच्या पद्मिनीचं गणित. वजन ८९५ किलो, चालकासह ९६० धरू. व्हीलबेस २.३४ मीटर. गुरुत्वमध्य ०.५५ मीटरवर, निम्मा भार मागच्या चाकांवर आणि रस्त्याशी घर्षणांक ०.८ धरू. ही शेवटची तीन गृहीतकं माझी आहेत आणि ती उघड सांगितली पाहिजेत.

समजा तिच्यात दणदणीत इंजिन आहे आणि चाकं घसरेपर्यंत जोर लावता येतो. या मांडणीत पकड जास्तीत जास्त किती त्वरण देईल? उत्तर येतं गुरुत्वत्वरणाच्या ०.४९ पट. आता गुरुत्वमध्य १० सेंटीमीटर वर न्या. उत्तर होतं ०.५१ पट. साधारण ४ टक्के फायदा. कागदावर किरकोळ वाटतो, पण जिथे निकाल सेकंदाच्या अंशावर लागतो तिथे त्यासाठी गाडी कापायला माणसं तयार होती.

पण खऱ्या पद्मिनीत इंजिन आहे १०८९ सीसीचं, ताकद ४० अश्वशक्तीच्या आसपास. पहिल्या गिअरमध्ये उदार मनाने ०.३ पट त्वरण धरू. त्यासाठी रस्त्यावर लागणारा जोर : ९६० × ०.३ = २८८ किलो. मागच्या चाकांवर उपलब्ध पकड : मूळचा भार ४८० अधिक सरकलेला सुमारे ६८, एकूण ५४८, गुणिले ०.८, म्हणजे ४३८ किलो. गरज २८८ ची, हातात ४३८. कोरड्या रस्त्यावर चाक घसरायचा प्रश्नच येत नाही. नाक वर करणं हे ज्या रोगावरचं औषध होतं, तो रोग आमच्या गाडीला नाहीच.

आणखी एक गोष्ट. खुद्द अमेरिकेतही हा उपाय फार टिकला नाही. साठच्या दशकात ड्रॅगचे रुंद, मऊ टायर सुधारत गेले. वेग वाढला तसं वर आलेलं नाक हवा अडवू लागलं. उंच गाडी सरळ ठेवणंही अवघड. नंतरच्या शर्यतीच्या गाड्या खाली बसल्या. म्हणजे आज जो कोणी हौसेने गाडीचं नाक उचलतो, तो वेगासाठी उचलत नाही. पहिलं गृहीतक, 'वेगासाठी आवडते', इथे बाद झालं. त्यासाठी कागद, पेन आणि बारावीचं भौतिकशास्त्र पुरलं. सर्वेक्षणाला हात लावण्याआधी जे कागदावर बाद होतं ते कागदावरच करा.

तिसरी पायरी : 'जुन्या आठवणी' हे उत्तर इतकं सोपं नाही

मग उरतं दुसरं नेहमीचं उत्तर. नॉस्टॅल्जिया. हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात घडवला. घरापासून दूर असलेल्या लोकांना होणारा आजार या अर्थाने. (प्रबंधातला एक शब्द तीनशे वर्षांहून जास्त टिकला. आपल्यालाही आशा ठेवायला हरकत नाही.)

आठवणी आणि आवड यांचं नातं मोजण्याचा एक सुंदर प्रयोग मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९ मध्ये छापला. वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या दशकांतली लोकप्रिय गाणी ऐकवली आणि पसंती विचारली. ऐकणारा साधारण २४ वर्षांचा असताना जी गाणी गाजत होती, त्यांना सर्वाधिक पसंती मिळाली. पुढे २००३ मध्ये त्यांनी गाड्यांच्या बाबतीतही असंच तपासलं. तरुणपणीच्या गाड्यांकडचा असा ओढा पुरुषांमध्ये दिसला.

हे आण्णांना तंतोतंत लागू पडतं. पद्मिनी रस्त्यावर होती तेव्हा ते विशीत होते. मुंबईला नोकरी, दारात टॅक्सीच्या रांगा, सगळीकडे तीच गाडी. कुर्ल्याला बनलेली ती गाडी म्हणजे त्यांची मुंबई.

पण माझ्या भावाचं काय? तो २००३ चा. गंमत म्हणजे मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदवली गेली तीही ऑक्टोबर २००३ मध्येच. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर त्या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. त्याच्या वाट्याला पद्मिनीची आठवण नाही, आणि साठच्या दशकातल्या कॅलिफोर्नियाची तर मुळीच नाही. जे अनुभवलंच नाही त्याची आठवण कशी येईल?

इथे बार्बरा स्टर्न यांनी १९९२ मध्ये केलेला फरक कामी येतो. एक वैयक्तिक नॉस्टॅल्जिया, म्हणजे स्वतः जगलेल्या काळाची ओढ. दुसरा ऐतिहासिक नॉस्टॅल्जिया, म्हणजे आपल्या जन्माआधीच्या काळाची, सिनेमा-फोटो-गोष्टींतून आलेली ओढ. ड्रॅग गाड्यांच्या बाबतीत या दुसऱ्या प्रकाराचा कारखाना फार लवकर सुरू झाला. 'अमेरिकन ग्राफिटी' हा सिनेमा आला १९७३ मध्ये, गोष्ट १९६२ सालची. फक्त अकरा वर्षांत जुन्या शर्यतीच्या गाड्या 'गेलेला सुंदर काळ' झाल्या होत्या. तिथपासून आजच्या रीलपर्यंत ते चित्र फिरतच आहे.

बघा, 'नॉस्टॅल्जिया' हा एकच शब्द दोघांसाठी वापरला असता तर आण्णा आणि भाऊ एकाच गटात गेले असते. घरात भांडण मात्र या दोघांचंच चालू आहे! तुमची संज्ञा जर एकमेकांशी भांडणाऱ्या दोन माणसांना एकाच खोक्यात टाकत असेल, तर संज्ञा फोडायची वेळ आली समजा.

चौथी पायरी : आपल्याकडची तुलना शोधा

परदेशी सिद्धांत वाचताना एक सवय लावून घ्या. तसंच काही आपल्या आजूबाजूला आहे का, हे विचारायचं. मला बैलगाडा शर्यत आठवली.

पुणे जिल्ह्याच्या खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ भागात बैलगाड्याचा घाट असतो. सरळ धाव, वेळ सेकंदात मोजायची, एकेकाची बारी. रचना बघाल तर ड्रॅग रेसच. आणि तो गाडा नीट बघा. इतका हलका केलेला असतो की त्यात खताच्या दोन गोणीही कोणी टाकणार नाही. शेतीच्या गाडीतून शेतीला लागणारं सगळं काढून टाकलं, उरला तो शर्यतीचा गाडा. गॅसरमध्येही तेच. पुढचा बंपर गेला, मागची सीट गेली, घरची गाडी शर्यतीची झाली.

या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. बंदीच्या काळात जी पोरं लहानाची मोठी झाली त्यांनी घाट पाहिलेला नव्हता, फक्त ऐकलेला. परवानगी मिळाल्यावर घाटावर गर्दी करणाऱ्यांत तीही होती. न पाहिलेल्या गोष्टीची ओढ आपल्याला अनोळखी नाही.

तुलनेची मर्यादाही लगेच लिहून ठेवा. घाटात गाडा आजही पळतो, निकाल लागतो. आमची पद्मिनी पळणार नाही, पळाल्यासारखी दिसणार. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या स्पर्धा झाल्या आहेत, पण भावाने तिथे जायचं नावही काढलं नाही. त्याला भोरच्या बाजारपेठेतून हळू जायचं होतं.

पाचवी पायरी : माझी चूक

आता स्वतःची फजिती सांगतो. उत्साहाच्या भरात मी दहा प्रश्नांचा फॉर्म बनवला आणि जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात तीसेक जणांकडून भरून घेतला. तिसरा प्रश्न होता, "जुन्या गाड्या पाहून तुम्हाला बालपण आठवतं का?" जवळपास सगळ्यांनी 'हो' लिहिलं. मी खूश. विभागातल्या एका वरिष्ठ मॅडमना दाखवलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"उत्तर तूच प्रश्नात घातलंयस, मग त्यांनी काय सांगितलं?" आणि "मेळाव्याला आलेल्यांनाच विचारलंस. ज्यांना आवडत नाही ते कुठे होते?"

पहिली चूक सूचक प्रश्नाची, दुसरी नमुना निवडीची. तिसरी मला नंतर कळली. आज दिसणाऱ्या जुन्या गाड्या म्हणजे कोणीतरी जपलेल्या गाड्या. भंगारात गेलेल्या कोणाला दिसत नाहीत. त्यामुळे 'जुन्या गाड्या किती देखण्या असायच्या' हे वाक्यच मुळात वाचलेल्यांच्या यादीवर उभं आहे. ते तीस फॉर्म मी फाडले नाहीत, फाईलमध्ये ठेवलेत. वर लाल पेनाने लिहिलंय : 'वापरू नये, कारण मागे.'

मग मी भावाला नवीन प्रश्न विचारला. 'का आवडते' असं नाही. गाडीचे चार फोटो ठेवले : मूळची, खाली बसवलेली, नाक उचललेली, आणि नाक उचललेली पण रंग-अक्षरं काढलेली. म्हटलं, "क्रम लाव आणि लावताना बोलत राहा." तिसरा फोटो पहिला ठेवत तो म्हणाला, "ही बघ, उभी हाय तरी सुटल्यागत वाटती." थोडा थांबला आणि मूळच्या गाडीवर बोट ठेवून म्हणाला, "ही आण्णांची वाटती. माझी नाय वाटत."

माझ्या फॉर्मच्या दहा प्रश्नांत 'गाडी कोणाची वाटते' हा प्रश्नच नव्हता. एका माणसाच्या उत्तरावरून सिद्धांत होत नाही. पण तपासण्याजोगं गृहीतक मिळतं : ज्यांना वारशात वस्तू मिळते त्यांना ती बदलावीशी वाटते, ज्यांनी ती स्वतः वापरली त्यांना ती गोठवावीशी वाटते. हे आता मोजता येईल. वय, मालकी कशी मिळाली, आणि फोटोंचा क्रम, एवढ्या तीन नोंदी. नमुना मात्र मेळाव्याबाहेरचाही हवा.

सहावी पायरी : उत्तराने काय बिघडतं किंवा वाचतं?

मुलाखतीत हमखास विचारतात, "या संशोधनाचा उपयोग काय?" आमच्या गोठ्यातला उपयोग असा.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी, पण मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडीशेल किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो आणि ती रोजच्या वापराला नाही, तर प्रदर्शन, रॅली, अगदी तांत्रिक संशोधनासाठी रस्त्यावर आणता येते. आमची गाडी १९७६ ची. २०२६ मध्ये पन्नाशी. दुसरीकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं. म्हणजे पुढचा भाग कापून सरळ अ‍ॅक्सल टाकला की विंटेजचा रस्ता बंद, आणि रोजच्या रस्त्यावरही पकडले जाणार.

स्वेतलाना बॉइम यांनी २००१ च्या पुस्तकात नॉस्टॅल्जियाचे दोन स्वभाव सांगितलेत. एक, हरवलेलं जसंच्या तसं पुन्हा उभं करू पाहणारा. दुसरा, हरवलंय हे मान्य करून त्याच्याशी खेळणारा. आपला नियम पहिल्या स्वभावाला नंबरप्लेट देतो, दुसऱ्याला दंड. ते बरोबर की चूक हा वेगळा प्रश्न. सुरक्षिततेचा मुद्दा खराच आहे : उचललेली गाडी आमच्या वळणाच्या रस्त्यावर कलंडायला जास्त सोपी. वरच्या गणितातली तीच उंची वळणावर उलटी पडते.

घरी मी हे सगळं सांगितलं. आण्णांना गणित आवडलं, भावाला नाही. शेवटी ठरलं ते एवढंच : कापायचं काही नाही, आणि जे निघेल ते जपून ठेवायचं. वस्तुसंग्रहालयातले लोकही हेच तत्त्व पाळतात, केलेला बदल परत फिरवता आला पाहिजे. भावाने आतल्या सीटची कव्हरं स्वतःच्या मनासारखी शिवून घेतली. जुनी कव्हरं आण्णांनी घडी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवली. नाक जिथे होतं तिथेच आहे. भाऊ अजून नाराज आहे, आणि खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं मला पूर्ण चुकीचं वाटत नाही.

तुमच्यासाठी स्वाध्याय

तुमच्या घरात अशी एक वस्तू शोधा जिच्यावरून दोन पिढ्यांत मतभेद आहेत. जुनी यामाहा आरएक्स १००, पितळी भांडी, माळवदाचं घर, काहीही. मग एका पानावर लिहा :

१. तिच्या रूपातला कोणता भाग एकेकाळी कामाचा होता आणि आज नाही?
२. 'आवडतं' याची किमान तीन वेगळी कारणं, आणि त्यातलं कुठलं फक्त कागदावर बाद करता येतं?
३. ज्यांना ती वस्तू आवडत नाही त्यांच्यापर्यंत कसं पोहोचाल?
४. उत्तर न विचारता उत्तर मिळेल अशी एक कृती. आमच्या चार फोटोंसारखी.
५. उत्तर चुकलं तर कोणाचं काय नुकसान होईल?

पाचव्या प्रश्नापुढे जर पान कोरं राहिलं, तर विषय बदला. बाकी चारांपुढे कोरं राहिलं तर घाबरू नका, तिथे वाचन वाढवायचं आहे एवढंच.

पुढच्या लेखात त्या लाल शेऱ्याच्या तीस फॉर्मचं पोस्टमॉर्टेम करू, प्रश्नावली कशी लिहू नये यासाठी.